डायोडचा बाण

नवतपा लागला त्या दिवशी
तपासणी केंद्रात माझ्या वाट्याला एकोणसाठ उत्तरपत्रिका आल्या.
कुलरचा पंप कोरडाच घरघरत होता,
देवाजी बादली घेऊन गेला तो गेलाच.

प्रश्न चौथा. रिलेचं सर्किट. सहा गुण.
पहिल्या पेपरात डायोडचा बाण खाली.
चुकतं एखाद्याचं. अर्धा गुण कापला.
तिसऱ्यात खाली. चौथ्यात. नवव्यात.
सतराव्यांदा लाल पेन थांबलं:
प्रत्येक बाणाच्या शेपटाला तोच किंचित बाक,
जणू एकाच मनगटातून सगळे सुटलेले.

“कॉपी,” शेजारच्या खोंडे मॅडम म्हणाल्या.
पण गठ्ठे वेगळे, केंद्रं वेगळी,
काटोल, उमरेड, रामटेक,
या मुलांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसणार.

मग एक उत्तरपत्रिका, कोपऱ्यावर घामाचा डाग.
बाण वर.
आणि खाली बारीक अक्षरात:
नोट्समधला बाण चुकला आहे. तसा जोडला की ट्रान्झिस्टर जातो.
माझे दोन गेले.

आदर्श उत्तरात ही ओळ नव्हती.
जळक्या वासाला गुण कुठून देणार?
सहापैकी सहा दिले. सातवा देण्याची सोय नाही.

रात्री गच्चीवर भाच्याला म्हटलं, त्या नोट्स मिळतील का रे?
पाणी पिऊन होईतो फोनवर आल्या.
एकशे बारा पानं, जांभळी शाई,
कुण्या भल्या पोराने रात्र रात्र बसून उतरवलेली,
कुणाकडून एक पैसा न घेता.
पान एकाहत्तर. आकृती.
तिच्याखाली, जिथून ती उतरवली तो फळ्याचा फोटो,
तिरपा, ट्यूबलाइटच्या चमकेत अर्धा पुसलेला,
कडेला एक हात, खडू धरलेला,
मनगटावर स्टीलचं घड्याळ, काचेला तडा.

तडा मी ओळखतो.
अजून बदलली नाही ती काच.

आठ वर्षं चालत होता माझा बाण.
घाईत काढलेला, पुढचा तास होता म्हणून.
सतरा पोरांचा अर्धा अर्धा गुण
मीच कापला होता,
फळ्यावर एकदा, पेपरावर एकदा.

समासात दुसरं अक्षर:
बाण वर हवा. मी जाळून पाहिलंय. डिं. उ.
त्याखाली वणीचा कुणी:
फ्लशच्या टाकीतला जुना फ्लोट लावला, सेन्सरचे पैसे वाचले.
त्याखाली बुटीबोरी:
टाकी रिकामी झाली की पंप आपोआप बंद. आईचा कुलर वाचला.
त्याच्याही खाली फक्त:
आमच्याकडं चालून नाही राहिला, कोणी सांगा ना.
आणि उत्तरं, रात्री दीडची, दोनची.

जूनमध्ये तोंडी परीक्षा.
यादीत नाव: डिंपल उके.
जेवणाच्या डब्यात सर्किट घेऊन आली,
झाकणाला भोक, भोकातून दोन वायरी.
मागच्या सत्राचे दोन विषय राहिलेले.
“काऊन राहिले?”
“रात्री पोरं विचारत होते सर. मी सांगत बसली.”
तक्रार नव्हती सुरात. पश्चात्तापही नव्हता.

माझ्यापुढच्या कागदावर तीन रकाने:
हजेरी, जर्नल, तोंडी.
चौथा आखावा म्हटलं
तर पट्टी होती, परवानगी नव्हती.

तिने डब्यातलं पाणी ओतून दाखवलं.
पंप थांबला. खोली एकदम शांत.
“पहिल्यांदी चुकीचा बाण कोणी काढला असेल सर?”

मी हात टेबलाखाली नेला.
थोड्या वेळाने वर ठेवला,
घड्याळासकट.

ती त्याकडे पाहत राहिली.
मग म्हणाली, “वेळ संपला का सर?”

नाही, म्हटलं.
बस.